घासलेले सेंट

नाना, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. ते काम तुमचा मुलगा करतो आहे. पुण्याहून, साताऱ्याहून फोन येतात आणि मंदार प्रत्येकाला सांगतो की नाना किती शांत होते, त्यांनी कधी आवाज चढवला नाही, कधी कोणाला दुखावलं नाही. मी शेजारी बसून ऐकते आणि दातओठ खाते. कारण तुमचं हे कोणाला न दुखावणं कुठवर गेलं होतं, ते या घरात मला एकटीलाच ठाऊक होतं. आता आईंनाही ठाऊक झालं आहे. ते कसं झालं, हे तुम्हाला सांगायचं आहे. तुम्ही समोर नाही म्हणून सून गप्प बसेल अशी तुमची समजूत असेल, तर ती काढून टाका.

दर वर्षी ऑगस्टमध्ये तुम्ही आईंना घेऊन कोलोनला यायचात, व्हिसाचे तीन महिने पुरेपूर वापरायचात आणि दिवाळी आटोपून परत जायचात. तुम्ही जायचात, पण तुमचे सेंट इथेच राहायचे. विमानतळावर कोण प्रश्नांना उत्तरं देत बसणार, म्हणून. तळघरातला आमचा केलर म्हणजे एक सायकल आणि गाडीचे हिवाळी टायर मावतील एवढी जागा. त्यात तुमचे लाकडी ट्रे, त्यांच्यावर फलाटीन, फलाटीनवर वर्तमानपत्र, आणि वर तुमची सूचना की ट्रे आडवे करायचे नाहीत, उघडायचे नाहीत, दमट दिवसांत जरा बघत राहायचं. नऊ महिने मी अमेरिकेची चिल्लर सांभाळत बसायची. घरात सोनं आहे त्याची कोणाला एवढी काळजी नव्हती.

आणि अमेरिकेचीच का, हे माझ्या डोक्यात कधी शिरलं नाही. या गावात रस्ता खणला तरी रोमन नाणी निघतात. ऱ्हाईनच्या काठावर दोन हजार वर्षांचा इतिहास पायाखाली पडला आहे, आणि तुम्ही रविवारच्या फ्लोमार्क्टमध्ये, जुन्या बाजारात, गुडघ्यावर बसून अमेरिकन सैनिकांनी मागे टाकलेले एक सेंटचे डबे चाळायचात. मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "अगं मेधा, रोमन सगळेच जमवतात." दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणालात, "ती महाग असतात." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा नुसते हसलात. सरळ उत्तर द्यायचं नाही, हा तुमचा जुना खाक्या.

खरं उत्तर तुम्ही मला एकदाच दिलंत, तेही मी न विचारता. मी भाजी चिरत होते आणि तुम्ही समोर दोन नाणी ठेवलीत, अर्थात हातरुमालावर. एक करडं, दुसरं पिवळसर तांबडं. दोन्हींवर तोच दाढीवाला अध्यक्ष. करडं होतं ते त्रेचाळीस सालचं, पोलादाचं. महायुद्धात तांबं तोफगोळ्यांना लागत होतं, म्हणून अमेरिकेने वर्षभर पोलादावर जस्ताचा मुलामा देऊन सेंट पाडले. लोक वैतागले, कारण ते गंजायचे आणि दुसऱ्याच नाण्यासारखे दिसायचे. "आणि त्याच सुमाराला," तुम्ही म्हणालात, "आपल्याकडे काय आलं? भोकाचा पैसा. तांबं वाचवायला मधोमध भोक. मी लहानपणी करगोट्यात ओवून हिंडलोय. एकच युद्ध, मेधा. तिकडे सेंटचं तांबं गेलं, इकडे आपल्या पैशाचं पोट गेलं."

मग तुम्ही दुसरं नाणं रुमालासकट माझ्याकडे सरकवलंत. ते पुढच्या वर्षीचं. झाडलेल्या गोळ्यांची रिकामी पितळी टरफलं गोळा करून, वितळवून त्यातून हे सेंट पाडले असं म्हणतात, हे तुम्ही सांगितलंत. तुमची सगळी नोकरी दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली. पितळेची टरफलं ओढायच्या यंत्रावर. "मी आयुष्यभर जे केलं ना," तुम्ही म्हणालात, "त्याचं पुढे काय झालं ते मला कधी कळलं नाही. कोणाला लागलं, कोण मेलं, काही नाही. या लोकांनी त्याचे पैसे पाडले. कोणीतरी त्यातून पाव घेतला असेल." मी सुरी खाली ठेवली होती. त्या दिवशी मला तुमचा हा नाद पहिल्यांदा कळला, आणि मी केलरमधल्या ट्रेंवर चिडणं निदान त्या वर्षापुरतं सोडून दिलं.

पण नाद कळला म्हणून तो सोसवतो असं नाही. तुम्ही आमच्या बोटांची झडती घ्यायचात. नाणं कडेनेच धरायचं, चेहऱ्याला बोट लावायचं नाही, त्याच्यावर बोलायचंसुद्धा नाही, थुंकी उडते. माझी ईरा पाच वर्षांची असताना तिने एक सेंट तोंडात घातला, तर तुमचा जीव नातीसाठी वरखाली झाला की सेंटसाठी, ते मला आजही सांगता येणार नाही. हिरवट झालेली नाणी तुम्ही माझ्या चांगल्या ऑलिव्ह तेलात महिनोन्‌महिने बुडवून ठेवायचात, माझ्याच वाट्यांमध्ये. मग माझी वाटी आमटीला मिळायची नाही.

या सगळ्याच्या मुळाशी तुमचा एक नियम होता, आणि तो तुम्ही मला इतक्या वेळा ऐकवलात की मी झोपेतही म्हणून दाखवीन. जुनं तांबं घासायचं नाही. त्याच्यावर जो तपकिरी राप चढतो तो मळ नव्हे, ते त्याचं वय आहे. तो शंभर-दीडशे वर्षांत येतो आणि एकदा निघाला की परत तसा येत नाही. घासलेलं नाणं जमवणाऱ्यांच्या लेखी मेलं. तुम्ही तुमच्या त्या नाण्यांच्या फेराइनमध्ये, म्हणजे मंडळात, हेर लिंडनरांकडून (हेर म्हणजे इथले श्रीयुत) हे सगळं शिकलात आणि घरी येऊन आम्हाला शिकवलंत. फक्त एका माणसाला शिकवायचं राहिलं.

ती दिवाळी मला लख्ख आठवते. आईंना माझ्या स्वयंपाकघरात काही करायला उरलेलं नसायचं. भांड्यांना यंत्र, कपड्यांना यंत्र, बाहेर जावं तर भाषा येत नाही. देवघरातलं तांब्याचं ताम्हन आणि पळी-पंचपात्र त्यांनी चिंच-मीठ लावून घासलं, तेवढ्यात काम संपलंच. भिजवलेली चिंच उरली होती. लक्ष्मीपूजनाला नाणी मांडायची, ती स्वच्छ असावीत. आणि यांची ही एवढी नाणी, कशी मळकट पडली आहेत. तुम्ही नदीवर फिरून आलात तेव्हा पाटावर लाल कापड होतं, त्यावर तुमचे सगळे इंडियन हेड सेंट मांडलेले, आणि एकूणएक गुलाबी, लखलखीत, कालच कोणीतरी दुकानातून आणल्यासारखे.

त्या नाण्यांवर पिसांचा टोप घातलेला चेहरा असतो. तो तिथल्या आदिवासी माणसाचा नाही, त्यांच्या स्वातंत्र्यदेवीला तो टोप नुसता चढवला आहे, असं तुम्ही मला सांगितलं होतं, आणि "हा इंडियन आपल्याकडचाही नाही आणि त्यांच्याकडचाही नाही," म्हणून हसला होतात. त्या बाईच्या गालाला दीडशे वर्षं कोणी हात लावला नव्हता. आईंनी दुपारभरात तिला न्हाऊमाखू घातलं होतं.

मी दारात उभी होते. मला वाटलं, आता काहीतरी फुटणार. तुम्ही चप्पल काढलीत, पाटाजवळ बसलात, वाकून बघितलंत. आई पदराला हात पुसत म्हणाल्या, "बघा की, कशी निघालीत." आणि तुम्ही म्हणालात, "वा. छान चकाकतायत."

मी तुम्हाला बाल्कनीत गाठलं. तुम्ही कठड्याला धरून उभे होतात. मी म्हटलं, "नाना, सांगा त्यांना." तुम्ही म्हणालात, "आता सांगून ती परत काळी होणार आहेत का?" मी म्हटलं, "पुढची तरी वाचतील." तुम्ही म्हणालात, "तिने हौसेनं केलंय गं." आणि तिथे आपलं भांडण सुरू झालं. ते पुढे दर वर्षी, दर दिवाळीला, कधी ट्राममध्ये, कधी केलरच्या जिन्यावर चालूच राहिलं, आणि तुम्ही ते अर्ध्यावर टाकून निघून गेलात.

दुसऱ्या वर्षी आईंनी गव्हाच्या लोंब्यांचे सेंट घासले. त्यातलं एक पहिल्याच वर्षीचं होतं, एकोणीसशे नऊ सालचं, मागच्या बाजूला ज्याने ते घडवलं त्याची इवलीशी तीन अक्षरं असलेलं. ती अक्षरं लोकांना खुपली, कारागिराने अध्यक्षाच्या नाण्यावर नाव टाकायचं म्हणजे काय, अशी ओरड झाली आणि टांकसाळीने ती काही दिवसांतच काढून टाकली. ते नाणं मिळालं त्या रविवारी तुम्ही जेवला नव्हतात. भूकच नाही म्हणालात. आईंच्या चिंचेनंतर ती अक्षरं भिंग लावूनही धड दिसेनात. तुम्ही म्हणालात, "वा."

मी म्हटलं, कुलूप लावा. तुम्ही म्हणालात, "तिने विचारलं तर काय सांगू?" मी म्हटलं, खरं सांगा. तुम्ही म्हणालात, "तिला किती लागेल." तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तोंड दाबणारेही तुम्हीच. तिसऱ्या वर्षी तर तुम्ही कमाल केलीत. जुने मोठे सेंट, आपल्या ढब्बू पैशाएवढे, ते तुम्ही स्वतः केलरमधून वर आणलेत आणि आईंच्या पुढे ठेवून म्हणालात, "यंदा ही घे." मी तेव्हा कणीक मळत होते, म्हणून बरं. नाहीतर हातात जे होतं ते फेकलं असतं.

ते मोठे सेंट कुठून कुठे आले होते, हे तुम्हीच मला सांगितलंत. त्या देशाकडे सुरुवातीला धड तांबंही नव्हतं, चकत्या इंग्लंडहून जहाजाने यायच्या. ज्यांच्याशी लढून स्वतंत्र झाले त्यांच्याच चकत्यांवर हे स्वातंत्र्यदेवी छापायचे. अगदी पहिल्या सेंटवर मागे साखळी होती, राज्यांची एकी दाखवायला. लोक म्हणाले, पुढे स्वातंत्र्य आणि मागे साखळदंड, हा कसला शकुन, आणि ती बदलावी लागली. तो साखळीचा सेंट तुमच्याकडे नव्हता, तो तुमच्या नशिबात नाही म्हणायचात. पण नंतरचे होते. इथून अमेरिकेला गेलेल्या एखाद्या जर्मन सुताराच्या खिशात फिरलेले, त्याच्याबरोबर परत आलेले आणि त्याच्या पणतूने पेटीसकट विकलेले. एवढा प्रवास करून ते माझ्या सिंकपाशी येऊन चिंचेच्या कोळात पडले.

मी तुम्हाला एकदा अगदी स्पष्ट म्हटलं होतं. नाना, तुम्ही आईंना जपत नाही आहात, तुम्ही त्यांना लहान मूल समजता आहात. ईराने भिंतीवर रेघोट्या मारल्या की आपण "वा" म्हणतो, तसं. तुम्ही रागावलात. आवाज न चढवता रागावायची तुमची पद्धत होती, चष्मा काढून पुसायची. "तुला नाही कळायचं," तुम्ही म्हणालात. "आमच्यात असं चालतं." या वर्षी ऑगस्टमध्ये मी परत विषय काढला. यंदा शेवटचा ट्रे राहिला होता, युद्धाच्या वर्षांचा. पोलादाचे आणि टरफलांचे सेंट. मी म्हटलं, हा ट्रे तरी. तुम्ही म्हणालात, "सांगतो. दिवाळीच्या आत सांगतो." मी म्हटलं, नक्की? "नक्की," म्हणालात.

आणि सप्टेंबरात, सकाळच्या चहाला उठलाच नाहीत. तुमच्या या निसटण्याचा मला जेवढा राग आला तेवढं रडूही आलं, आणि ती दोन्ही एकदम आली. इथे माणूस गेल्यावर नुसतं रडत बसता येत नाही. श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदणी कचेरीत, कागद द्यायचे, भाषांतरं करून आणायची, दहनाची वेळ मिळेपर्यंत थांबायचं. अस्थी घरात ठेवायची इथे परवानगी नाही, त्या अजून बेश्टाटरकडे, अंत्यविधी करणाऱ्या संस्थेकडेच आहेत, आईंच्या तिकिटाच्या दिवशी मिळतील. आई या सगळ्यात एकदाही रडल्या नाहीत. मंदारला वाटलं त्या खंबीर आहेत. मला ते बघवत नव्हतं.

मग हेर लिंडनर आले. काळा कोट, हातात सांत्वनाचं कार्ड. त्यांनी आईंचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले की नोव्हेंबरात फेराइनचं वार्षिक प्रदर्शन चर्चच्या हॉलमध्ये आहे, त्यात एक काचेची पेटी तुमच्या नाण्यांची ठेवायची आहे. "हेर कुलकर्णी एक-एक नाणं दाखवायला आणायचे," ते म्हणाले. "संपूर्ण संग्रह आम्ही कोणी पाहिला नाही." का पाहिला नाही ते मला माहीत होतं. मी भाषांतर करून आईंना सांगितलं, आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "हो म्हणावं," त्या म्हणाल्या. "सगळी देऊ म्हणावं."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसमधून आले तर ओट्यावर चिंच भिजत होती. शेजारी शेवटचा ट्रे.

मी म्हटलं, "आई, ती घासू नका."

"का गं? एवढे लोक बघायला येणार. यांची नाणी अशी काळवंडलेली ठेवायची?"

"जुनी नाणी घासायची नसतात. घासलं की ती वाया जातात. जमवणारे लोक अशा नाण्याकडे बघतसुद्धा नाहीत."

त्या चिंच कुस्करत होत्या. हात थांबला नाही. "कोण म्हणतं असं?"

"सगळेच म्हणतात. नानाही म्हणायचे."

"मला नाही कधी म्हणाले."

"माहीत आहे."

"मला तर छान चकाकतायत म्हणाले."

मला वाटलं होतं, ही वेळ आली तर मी काहीतरी शहाणपणाचं, मऊ बोलीन. नाही जमलं, नाना. मी म्हटलं, "ते खोटं बोलले."

आता हात थांबला. "पहिल्या वर्षी?"

"दर वर्षी."

त्यांनी चिंचेचं पाणी सिंकमध्ये ओतलं, वाटी धुतली, हात पुसले, आणि बाहेरच्या खोलीत तुमच्या फोटोपुढे जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं नमस्कार करतायत. मग आवाज आला, आणि तो आवाज मी बारा वर्षांच्या संसारात कधी ऐकला नव्हता.

"अहो, भाजी खारट झाली तरी बोलला नाहीत, समजले मी. माझ्या भावाने घराच्या वाटणीत फसवलं तेव्हा बोलला नाहीत, तेही समजले. पण तुमच्या जिवाचं एक काय ते होतं, ते मी माझ्या हाताने खरवडत बसले, आणि तुम्ही शेजारी बसून छान छान म्हणत होतात? मी काय माणूस आहे ते एवढ्या वर्षांत नाही कळलं तुम्हाला? तुम्ही सांगितलं असतं तर मी काय मेले असते?"

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुला माहीत होतं?"

"मी त्यांना सांगत होते की तुम्हाला सांगा म्हणून. मला वाटलं, हे तुमच्या दोघांतलं आहे."

"दोघांतलं कसलं," आई म्हणाल्या. "मी त्यात नव्हतेच."

आणि तिथे खुर्चीत बसून त्या रडल्या. पहिल्यांदा. मी पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही. "आता मी कोणाशी भांडू?" एवढंच परत परत म्हणत होत्या. तुमच्यावर मी पुष्कळदा चिडले आहे, पण त्या संध्याकाळी जेवढी चिडले तेवढी कधीच नाही. भांडण हा बायकोचा हक्क असतो, नाना. तुम्ही तो कधी पोचूच दिला नाहीत.

आईंच्या कानावर घालून मी हेर लिंडनरांना फोन केला, खरं सांगितलं आणि म्हटलं, फक्त एकच ट्रे देते. "आल्झो," ते म्हणाले, "गेपुट्स्ट. सगळी?" घासलेली, सगळी, मी म्हटलं. तेवढ्यात आई मागून म्हणाल्या, "सगळी द्यायची म्हणावं. आणि चिठ्ठी लावायची की घासलेली आहेत, आणि कोणी घासली तेही लिहायचं. माझं नाव घाल. शैलजा कुलकर्णी."

"आई, चुकून घासली असं लिहूया का?"

"चुकून कशाला? चांगली मेहनत घेऊन घासली आहेत."

फेराइनमध्ये यावर म्हणे वाद झाला. घासलेली नाणी तिथे कधी मांडली नव्हती. पण हेर लिंडनरांनी पेटी मिळवली. एका बाजूला युद्धाच्या वर्षांचे सेंट, करडे आणि तपकिरी, जसे तुम्ही ठेवले होतेत तसे. दुसऱ्या बाजूला बाकी सगळे, नव्या पैंजणासारखे झगझगीत, आणि मध्ये जर्मन भाषेत चिठ्ठी की हे संग्राहकाच्या पत्नीने, शैलजा कुलकर्णी यांनी, दिवाळीच्या पूजेसाठी चिंच आणि मीठ लावून स्वच्छ केले.

आई निळी साडी आणि वर माझा हिवाळी कोट घालून पेटीशेजारी उभ्या होत्या. लोक यायचे, वाकायचे, चिठ्ठी वाचायचे, हळू बोलून पुढे जायचे. इथले लोक सभ्य आहेत, तुमच्यासारखेच. मग एक उंच म्हातारे गृहस्थ आले. त्यांनी चिठ्ठी वाचली नाही, नाणीच बघितली. त्या पुसट झालेल्या तीन अक्षरांच्या सेंटवर ते थांबले, मान हलवली आणि मोठ्याने म्हणाले, "शाडं. यामरशाडं."

आईंनी मला विचारलं, "काय म्हणाले?"

तुम्ही असतात तर काय सांगितलं असतंत, ते मला तोंडपाठ आहे. मी म्हटलं, "वाईट झालं म्हणतात. फारच वाईट झालं."

आईंनी त्यांच्याकडे बघितलं. "बरोबर बोलतायत," त्या म्हणाल्या. "सांग त्यांना. मीच घासली, आणि मला माहीत नव्हतं. नेमकं काय वाईट झालं ते मला दाखवा म्हणावं."

मी सांगितलं. ते गृहस्थ लाल झाले, माफी मागू लागले. आईंनी हातानेच ते थांबवलं आणि पेटीकडे बोट केलं. मग त्या गृहस्थांनी खिशातून भिंग काढलं. हेर लिंडनरांनी पेटी उघडली. एक घासलेलं आणि एक न घासलेलं नाणं शेजारी शेजारी ठेवून ते गृहस्थ आईंना दाखवू लागले. केसांची बट इथे कशी उठून दिसते आणि तिथे कशी सपाट झाली आहे. मळ कुठला आणि राप कुठला, बोटाच्या नखाने कसं कळतं. आई विचारत होत्या, मी भाषांतर करत होते. करता करता माझ्या लक्षात आलं की यातलं एकही वाक्य मला नवीन नाही. सगळं मी तुमच्या तोंडून ऐकलं होतं, भाजी चिरताना, कंटाळत, घड्याळाकडे बघत. आईंनी मात्र एकेक प्रश्न दोनदा विचारला. पोलादाचा सेंट त्यांनी कडेने धरला आणि उजेडाकडे नेला. टरफलांची गोष्ट मी सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे यांच्या कारखान्यातल्यासारखी?" मी हो म्हटलं. त्यांनी ते नाणं लगेच खाली ठेवलं नाही.

परत येताना ट्राममध्ये आपण बसतो त्या बाजूलाच आम्ही बसलो. आई खिडकीतून बाहेर बघत होत्या. मी मनात तुम्हाला सुनावायची तयारी करत होते की बघा, मेल्या का त्या, काही झालं का. माझी सगळी वाक्यं जुळली होती.

तेवढ्यात आई म्हणाल्या, "किती छान होतं गं ते सगळं. मला आवडलं असतं."

"काय, आई?"

"यांच्या शेजारी बसून बघायला," त्या म्हणाल्या. "मला कधी बोलावलंच नाही."